तिसऱ्या फ्लास्कवर माझं नाव

गद्रे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं नाही. माझ्या नवऱ्याला बोलावलं.

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीची मायक्रोबायॉलॉजिस्ट, गद्रे साहेब तिथले मॅनेजर. नवरा कारखान्याच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचा. टाकीत काय चाललंय ते मला माहीत, आणि चर्चा त्याच्याशी! संध्याकाळी तो घरी आला, पाणी प्यायला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "गद्रे म्हणत होते, महिन्यातले चार दिवस तू यीस्ट रूममध्ये जाऊ नकोस. सगळ्यांच्याच सोयीचं पडेल."

"कुणाच्या सोयीचं?"

"टाक्या नासताहेत ना. त्यांचं म्हणणं..." तो अडखळला. "तुला कळलं ना काय ते?"

कळलं. लोणच्याला हात लावू नको, पापडावर सावली पाडू नको, हे मी आईकडे ऐकलं होतं, सासरी ऐकलं होतं. पुण्याला एम. एस्सी. करून मी डिस्टिलरीत आले ते निदान तिथे तरी ऐकावं लागणार नाही म्हणून.

"घे ना चार दिवस रजा. काय बिघडलं?" नवरा म्हणाला.

त्या दिवशी त्याच्या ताटात करपलेली भाकरी पडली. चुकून नाही पडली.

साल एकाहत्तर. मोठ्या दुष्काळाच्या आधीचं. कारखाना नगर जिल्ह्यातला, सहकारी. नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून लग्नकार्यात भेटतात. साखर काढून झाली की मागे काळी, चिकट मळी उरते. मोलॅसिस म्हणतात ती. तिच्यात अजून साखर असते, पण ती दाण्याच्या रूपात निघत नाही. मग मळीत पाणी घालून ती पातळ करायची, थोडं अ‍ॅसिड, थोडा युरिया घालायचा आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल तयार करतं. टाकीवर फेस चढतो, आतून उकळल्यासारखा आवाज येतो. काम झालं की ते फसफसलेलं पाणी, म्हणजे वॉश, डिस्टिल करायचं. एवढाच धंदा.

यीस्ट म्हणजे विरजण समजा. फरक इतकाच की दह्याचं विरजण म्हणजे बॅक्टेरिया, आणि यीस्ट ही बुरशीच्या घराण्यातली एकेक सुटी पेशी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून त्याचं शुद्ध कल्चर येई. काचेच्या नळीत, जेलीसारख्या थरावर वाढवलेलं. ते मी फ्रिजमध्ये जपायची. नळीतून फ्लास्कमध्ये, फ्लास्कमधून यीस्ट रूममधल्या टाकीत, आणि तिथून खालच्या मोठ्या टाक्यांत, अशी त्याची बढती होई. यीस्ट रूममधली टाकी कधीच पूर्ण रिकामी करत नसत. थोडं मागे ठेवायचं, त्यावर नवी मळी. पुढच्या दह्यासाठी कवडी मागे ठेवतात तसं.

हे यीस्ट मुळात बिअरवाल्यांच्या कुळातलं. माणसाला यीस्ट डोळ्यांनी दिसलं फार उशिरा, पण बिअर तो हजारो वर्षं करत होता. इराककडे, इजिप्तमध्ये जवाची अर्धीकच्ची भाकरी पाण्यात कुस्करून मडक्यात ठेवायचे आणि काही दिवसांनी फेस यायचा. तो कुठून येतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. यायचा फळांच्या सालीवरून, धान्यावरून आणि मुख्य म्हणजे न धुतलेल्या मडक्यातून. ज्या मडक्यातली चांगली उतरली तेच मडकं पुन्हा, ढवळायला तीच काठी. काठीच्या भेगांत वाळलेलं यीस्ट बसलेलं असायचं. असं करत करत पिढ्यान्‌पिढ्या रानटी यीस्ट माणसाळलं, रानमांजराचं घरमांजर झालं तसं. आणि हे सगळं करायचं कोण? बायका. जी भाकरी थापायची तीच बिअर करायची. त्या चार दिवसांत ती मडक्यापासून लांब बसत असेल असं मला नाही वाटत. काम कोण करणार मग?

आणि मडकं नासलं की? युरोपात शेजारच्या म्हातारीला चेटकीण ठरवून मोकळे व्हायचे. हे मी कॉलेजात वाचलं तेव्हा हसले होते.

तर टाकी नासली ती दसऱ्यानंतर लगेच. सकाळी जिन्यावरून चढताना मला वास आला. चांगल्या टाकीचा वास गोडसर असतो, पिकलेल्या केळ्याकडे झुकणारा. हा वास आंबट होता. फेस चढलाच नव्हता. वॉशमध्ये अल्कोहोल नेहमीपेक्षा फारच कमी. मी यीस्ट रूममधल्या टाकीतला थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. गोल, टपोऱ्या यीस्टच्या पेशी होत्या, पण मरगळलेल्या. आणि त्यांच्या मध्ये बारीक काड्याच काड्या.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये बिटापासून अल्कोहोल काढणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या अशाच आंबल्या होत्या. एका शास्त्रज्ञानं थेंब बघितला. चांगल्या टाकीत गोल पेशी, आंबट टाकीत काड्या. काड्या म्हणजे दूध आंबवणारे जंतू. आमच्या धंद्याचं पहिलं पुस्तक तिथून सुरू होतं. म्हणजे मला काही नवा शोध लावायचा नव्हता. फक्त काड्या आल्या कुठून ते शोधायचं होतं.

बबनराव आमचे ऑपरेटर. टाकी भरणं, ढवळणं, सोडणं त्यांच्याकडे. मी त्यांना सरळच विचारलं.

"बबनराव, या टाकीत दही कुणी घातलं?"

त्यांचा चेहरा पडला. "तुमाला कुनी सांगितलं?"

"टाकीनं सांगितलं."

"बाई, दही न्हाई ते. पंचामृत हाय. देवाचं हाय." त्यांनी आजूबाजूला बघून आवाज उतरवला. "खंडेनवमीला आण्णांनी सोता घातलं. मागल्या साली नुसतं भायेरनं शिंपाडलं तर उतारा पडला. औंदा म्हन्ले, पोटातनं पूजा करू."

आण्णा म्हणजे आमचे चेअरमन. खंडेनवमीला सगळीकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. आमच्याकडेही व्हायची. मला त्या पूजेला बोलावणं नव्हतं, लॅबला सुट्टी दिली होती. दूध, दही, तूप, मध, साखर! साखर आणि मधाबद्दल माझी तक्रार नाही. पण घरचं ताजं दही, लोटाभर, थेट माझ्या यीस्टच्या टाकीत!

"गद्रे साहेब कुठे होते?"

"तितंच हुते की."

"बरं. ही टाकी आता सगळी सोडून द्या. वाफेनं धुऊन घ्या. मी नवं कल्चर देते."

बबनराव दोन पावलं मागे सरकले. "सोडू? गटारात? पंचामृत? बाई, मला पोरंबाळं हायेत."

त्यांनी सोडली नाही. मी गद्रे साहेबांकडे सहीसाठी गेले, त्यांनी सही केली नाही. "बघू, बघू," म्हणाले. आणि नासलेल्या टाकीतलंच थोडं मागे ठेवून त्यावर नवी मळी, असं चालू राहिलं. दर वेळी काड्या वाढायच्या, दर वेळी उतारा, म्हणजे मळीमागे निघणारं अल्कोहोल, घसरायचा. एक्साईजचा इन्स्पेक्टर डिस्टिलरीतच बसायचा. एवढ्या मळीतून एवढं अल्कोहोल निघालंच पाहिजे, नाहीतर उरलेलं गेलं कुठे, असा त्याचा हिशेब. त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेव्हा गद्रे साहेबांना गुन्हेगार हवा झाला.

तो त्यांना घरबसल्या मिळाला. नवरात्रात त्यांच्या सौभाग्यवतींनी हळदीकुंकवाला बोलावलं होतं आणि मी "अडचण आहे" म्हणून गेले नव्हते. कॉलनीतल्या नळावर सांगितलेला तो एक शब्द गद्रे साहेबांच्या डब्याबरोबर केबिनमध्ये पोचला. अडचण, खंडेनवमी, नासलेली टाकी. जुळलं!

करपलेल्या भाकरीच्या दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये न विचारता शिरले.

"साहेब, माझ्याबद्दल बोलायचं तर मला बोलवायचं."

"बाई, रागावू नका. विषय जरा नाजूक आहे."

"टाकीत दह्याच्या काड्या आहेत. यात नाजूक काय आहे?"

"तुमच्या मायक्रोस्कोपमध्ये काय, बघावं ते दिसतं. आपल्याकडे त्या दिवसांत लोणच्याला हात लावत नाहीत. पूर्वजांनी काही विचार केलाच असेल ना?"

हा माणूस केमिस्ट्रीचा बी. एस्सी. होता. फर्स्ट क्लास. सर्टिफिकेट चौकटीत घालून डोक्यामागे टांगलेलं. एखाद्या अडाणी माणसानं हे म्हटलं असतं तर मी समजावत बसले असते. पण याला माहीत होतं.

"पंचामृत टाकीत गेलं तेव्हा तुम्ही तिथे होतात."

त्यांनी चष्मा काढला, पुसायला घेतला. "मग आण्णांना काय सांगू? तुमच्या पूजेनं टाकी नासली म्हणून? तुम्ही सांगाल?"

"सांगेन."

"नका सांगू. तुमच्याच भल्याचं सांगतो. टाईम ऑफिसमध्ये जागा आहे. हजेरी बघायची, बसून काम. बायकांना बरं असतं ते. पुढच्या आठवड्यात आण्णा येताहेत, मी त्यांच्या कानावर घालून ठेवतो."

म्हणजे ठरलं होतं. माझा मायक्रोस्कोप, माझा फ्रिज, माझ्या नळ्या, सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आणि मी हजेरीपटावर फुल्या मारणार. शिवाय ही गोष्ट इथेच थांबली नसती. बाई ठेवली की टाकी नासते, हे एकदा एका कारखान्यात ठरलं की सगळ्या जिल्ह्यात ठरतं. माझ्या मागून येणारीला कुणी दारात उभं केलं नसतं.

आण्णा आले. पांढरं धोतर, टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा. बरोबर चार डायरेक्टर. केबिनमध्ये चहा आला. गद्रे साहेबांनी घसा साफ केला. "कल्चर बाई सांभाळतात, आण्णा. आता काय आहे, बाईमाणूस म्हटलं की काही अडचणी..."

"कसल्या अडचनी?" आण्णांनी विचारलं.

गद्रे साहेब छताकडे बघायला लागले. एक डायरेक्टर खोकला. चौघेही चहात डोकं घालून बसले. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, मी बोलले.

"मी सांगते, आण्णा. मला पाळी येते म्हणून टाकी नासते असं साहेबांचं म्हणणं आहे. आज माझा दुसरा दिवस आहे. आजच काय ते बघून घ्या."

एकाहत्तर साली नगर जिल्ह्यात पाच पुरुषांसमोर... गद्रे धरून सहा. माझे कान तापले होते. पण बाण सुटला होता.

"काय बघायचं?" आण्णांनी विचारलं. ते लालेलाल झाले होते, पण उठून गेले नाहीत. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे.

मी त्यांना लॅबमध्ये नेलं. उकळून थंड केलेल्या मळीच्या पाण्याचे तीन फ्लास्क टेबलावर मांडले. फ्रिजमधलं मूळ कल्चर शाबूत होतं. पहिल्या फ्लास्कमध्ये यीस्ट सोडायचं ते गद्रे साहेबांनी. दुसऱ्यात बबनरावांनी, वर चमचाभर पंचामृत आण्णांनी घालायचं. तिसऱ्यात मी. तिन्हींवर मी नावं लिहिली. आण्णांचं नाव लिहिताना हात जरा थांबला, पण लिहिलं.

पंचामृत गेस्ट हाऊसच्या आचाऱ्यानं करून दिलं. आण्णांनी ते टोपी सारखी करून, नमस्कार करून घातलं. गद्रे साहेबांना कल्चर उचलायची तार आधी बर्नरच्या ज्योतीवर कशी तापवतात ते आठवेना. मी सांगितलं नाही. त्यांनी कसंबसं उरकलं. माझ्या फ्लास्कपाशी सगळे बारकाईनं बघत होते, जणू माझ्या बोटांतून काही गळणार आहे.

"दार लावा," आण्णा म्हणाले. त्यांनी किल्ली स्वतःच्या बंडीच्या खिशात घातली. मुक्काम गेस्ट हाऊसला केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच दार उघडलं. मायक्रोस्कोपची गरजसुद्धा पडली नाही. आण्णांच्या घरी म्हशी होत्या. त्यांनी दुसरा फ्लास्क नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

"हे तर आंबलं. ताकाचा वास मारतंय."

तिसरा नाकाशी नेला. त्यावर फेस होता, वास केळ्याचा. मग मी एकेक थेंब काचेवर घेतला आणि त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. आधी त्यांनी दोन्ही डोळे मिटले, मग नको तो उघडला, मग जमलं.

"ह्ये गोल गोल, साबुदान्यावानी?"

"ते यीस्ट. हा माझा फ्लास्क."

"आन्‌ ह्यात काड्या हायेत."

"हा तुमचा. त्या दह्याच्या. मोठ्या टाकीतही याच आहेत." मी टाकीतला थेंब लावला. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"आन्‌ गद्रे साह्यबांचा?"

तो फ्लास्क आंबला नव्हता, पण त्यात चार-दोन काड्या सापडल्या. तार नीट तापवली नव्हती ना. तिन्हींत स्वच्छ फ्लास्क एकच होता आणि त्यावर माझं नाव होतं. हे मी मोठ्यानं सांगितलं. मला संयम वगैरे नाही सुचला.

आण्णा स्टुलावरून उठले. "म्हंजे मीच इरजान लावलं म्हना की." मग दाराशी उभ्या असलेल्या गद्रे साहेबांकडे वळले. "गद्रे साह्यब, आमी शेतकरी मानसं. आमाला काय कळतंय यातलं? तुमी शिकलेलं. तुमी तर झाकण धरून हुबं हुता!"

झाकण धरून. हे मला तोवर माहीत नव्हतं. बबनराव "तितंच हुते" एवढंच म्हणाले होते.

"आण्णा, देवाचं काम... अडवणार कसं?" गद्रे म्हणाले.

"देवाला न्हाई अडवलं. बाईला अडवलं," आण्णा म्हणाले.

एवढ्यावर त्यांचं बोलणं संपलं. गद्रे साहेबांना काही झालं नाही. त्यांची खुर्ची, सर्टिफिकेट, सगळं जागेवर राहिलं. एक्साईजला जो खुलासा गेला त्यात "हवामानातील बदलामुळे जंतुसंसर्ग" असं लिहिलं होतं. हवामानानं पंचामृत घातलं! माझ्यापाशी दिलगिरीचा एक शब्द कुणी बोललं नाही. उलट जाताना आण्णांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, तुमचं खरं हाय. पर ते चारचौघात बोलायला नको हुतं."

"चारचौघात ठपका ठेवला, आण्णा. मग उत्तर कुठे देऊ?"

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

राहिली टाकी. बबनराव अजून हटून बसले होते, गटारात सोडणार नाही. तो प्रश्न आण्णांनी सोडवला. "गनपतीबी आपन इसर्जन करतोच की." नारळ फोडला, बबनरावांनी हात जोडले, आणि ती सगळी आंबट टाकी पाइप लावून गटाराऐवजी उसाच्या पाटात सोडली. मग वाफेनं टाकी धुऊन काढली. मी फ्रिजमधून नवी नळी काढली, फ्लास्क केला, टाकी केली. थोड्या दिवसांत जिन्यावर केळ्याचा वास आला. बबनराव वरून ओरडले, "बाई, फेस आला, फेस!"

टाईम ऑफिसचा विषय पुन्हा निघाला नाही. नवऱ्याला मी सगळं सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, "तू खरंच तसं बोललीस? सगळ्यांसमोर?" आणि बराच वेळ कॅलेंडरकडे बघत बसला. पुन्हा कधी गद्रे साहेबांच्या केबिनमध्ये माझ्याविषयी बोलायला गेला नाही.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकले. यीस्टला बाई कळत नाही, पुरुष कळत नाही, चेअरमन कळत नाही. त्याला फक्त घाण हात कळतात.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी सुट्टी घेतली नाही. यीस्ट रूममध्ये उभी राहिले. आण्णा जिना चढून आले, दाराबाहेर वहाणा काढल्या आणि उंबऱ्याशी थांबले. मागे गद्रे साहेब, हातात पूजेचं ताट.

"बाई, आत येऊ का?" आण्णांनी विचारलं.

"हात धुतले?"

"धुतले."

"लोटा?"

"खाली ठिवलाय."

"मग या."

त्यांच्या मागोमाग गद्रे साहेबांनीही पाऊल आत टाकलं.

"तुम्ही थांबा," मी म्हटलं. "आधी हात धुऊन या."